सुभद्राबाईंचा सत्कार आणि दुसरी टेस्ट

"म्याडम, आमच्या आत्याबाई दवाखान्यात यायलाच तयार नाहीत. म्हणतात, मला काही होत नसतं, माझा सत्कार झालाय."

फोनवर सविता होती. आमच्या प्रोजेक्टमधल्या सुभद्राबाईंची सून, राहणार चिकलठाणा. मी हातातलं पिपेट खाली ठेवलं. दोन कामं एकदम करू नकोस, असं घरातले सगळे मला सांगत असतात, आणि लॅबमध्ये तरी मी ते ऐकते.

"काय होतंय त्यांना?"

"खोकला हाय चार दिसांपासून. ताप तसा लई नाही. पण जेवंनात. अन् सकाळी चहात साखरेच्या जागी मीठ घातलं. वर म्हणल्या, आज चहा झाला बघ झकास."

सविता हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. तरुण माणसाचा न्यूमोनिया बँडबाजा लावून येतो. थंडी, ताप, छातीत कळ. म्हाताऱ्या माणसाचा मागच्या दाराने येतो. ताप बेताचा, खोकला नेहमीचाच वाटावा असा, पण माणूस जेवण सोडतो आणि जरासा भरकटतो.

"मी येते," म्हणाले. म्हणून झाल्यावर आठवलं, की मी जाऊन करणार काय? मी डॉक्टर आहे, पण जंतूंची. पीएचडीवाली. माझ्या सासूबाई आल्यागेल्याला आवर्जून सांगतात, "आमच्या सूनबाई डॉक्टर आहेत, पण पोट दुखलं तर शेजारच्या गल्लीत जावं लागतं."

पण जाणं भाग होतं. कारण तो सत्कार आमच्या लॅबने केला होता.

न्यूमोनियामागचा एक मोठा गुन्हेगार म्हणजे न्यूमोकोकस नावाचा जंतू. एरवी तो नाकाघशात, खास करून लहान मुलांच्या, भाडेकरूसारखा गुपचूप राहतो. वय झालं, शुगर असली, चुलीच्या धुराने छाती थकलेली असली, की तो खाली फुप्फुसात उतरतो. त्याच्या अंगावर एक कोट असतो. साखरेच्या साखळ्यांनी विणलेला. या कोटाचे शंभरेक प्रकार आहेत. आज मिळणाऱ्या लसी आपल्या शरीराला हे कोट ओळखायला शिकवतात. एकेका लसीत काही निवडक कोट. लसी चांगल्या आहेत, वयस्कर माणसांनी डॉक्टरांना विचारून घ्यायलाच हव्यात. पण ज्या जंतूचा कोट लसीत नाही, तो निसटू शकतो.

माझे मामा दर लग्नाला नवा कोट शिवतात. पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला असले, पाठमोरे असले, तरी मी त्यांना चालीवरून ओळखते. या जंतूचंही तसंच काहीसं आहे. कोट कुठलाही घातला, तरी त्याच्या पृष्ठभागावर काही प्रोटीन्स असतात. ती थोडीफार बदलतात, पण कोटाइतकी नाही. शरीराला कोटाऐवजी ही प्रोटीन्स ओळखायला शिकवता आली, तर एकच लस पुष्कळ प्रकारांना पुरेल. अशी लस अजून बाजारात नाही. त्यावर जगात बऱ्याच ठिकाणी काम चालू आहे. त्यातलं चिमूटभर आम्ही करतो.

आमचा प्रश्न साधा होता. पासष्टीच्या पुढच्या माणसांना हा जंतू आयुष्यात कैक वेळा भेटून गेलेला असतो. मग त्यांच्या रक्तात या प्रोटीन्सविरुद्धच्या अँटीबॉडीज किती आहेत? आणि त्या कामाच्या आहेत का?

'किती' हे पहिल्या टेस्टमध्ये कळतं. प्लास्टिकची छोटी प्लेट, तिच्यात वाटीसारखे खळगे. तळाला प्रोटीन चिकटवायचं, वर रक्तातलं सीरम घालायचं. अँटीबॉडी असली तर चिकटते, आणि शेवटचं रसायन घातलं की पिवळा रंग येतो. जितकी जास्त, तितका गडद. बहुतेकांचा रंग पातळ वरणासारखा आला. एका सँपलचा आला थेट हळदीसारखा. ते सँपल सुभद्राबाईंचं.

आता आमचे वाघ सर. संचालक. माणूस विद्वान, कष्टाळू, आणि सत्काराचा भारी शौकीन. आमच्याकडे डीप फ्रीझर बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला होता, ऐन मे महिन्यात, तर सरांनी त्याला शाल पांघरली होती. बिचारा घामाने निथळत हात जोडून उभा होता.

सर म्हणाले, "रक्त देणाऱ्या सगळ्या ज्येष्ठांचा मेळावा घेऊ. आणि टॉपच्या तिघांचा सत्कार."

"टॉपचे म्हणजे?"

"ज्यांच्या अँटीबॉडी सगळ्यात जास्त."

"सर, एकेकट्याचा रिझल्ट असा सांगता येत नाही. स्टडी चालू आहे. आणि दुसरी टेस्ट तर अजून व्हायचीय."

"रिझल्ट कुठं सांगतोय? आकडा नाही सांगायचा. नुसती शाल द्यायची."

यावर मी काहीतरी ठाम बोलायला हवं होतं. मला ठाम वाक्यं सुचतात, पण रात्री गॅसपाशी, पोळी लाटताना. त्या दिवशी मी "बरं सर" म्हणाले आणि सूत्रसंचालनाची तयारी करायला गेले.

मेळाव्यात मी सुभद्राबाईंचं नाव पुकारलं. लुगड्याचा पदर सावरत त्या लगबगीने स्टेजवर आल्या आणि सरांसमोर उभ्या राहायच्या ऐवजी बाजूला गेल्या. तिथे आमची एक मुलगी शाल-नारळाचं तबक घेऊन उभी होती. तिच्या हातातून त्यांनी तबक घेतलं, सरांच्या उजव्या हाताला नीट कोन साधून उभ्या राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "सायेब, आधी शाल घ्या. नारळ मागून."

सर गोंधळले. "अहो, सत्कार तुमचाच आहे."

"माझा?"

त्या पिशोरला शाळेत शिपाई होत्या. शाळेत आलेला प्रत्येक पाहुणा, प्रत्येक सभापती, बदली होऊन गेलेला प्रत्येक मास्तर, सगळ्यांच्या सत्काराचं तबक त्यांनीच धरलं होतं. रिटायर झाल्या त्या सुमाराला त्यांचे मालक आजारी. बाईंच्या निरोपाचा कार्यक्रम राहिला तो राहिलाच. पुढे मालक गेले आणि त्या मुलाकडे चिकलठाण्याला आल्या. मुलगा शेंद्र्याला कंपनीत.

सरांनी शाल पांघरली. आणि ते ठरल्यापेक्षा जास्त बोलले. "या माउलीच्या रक्तात एवढी ताकद आहे, की न्यूमोनियाचा जंतू जवळ यायला घाबरेल!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माईक काखेत धरून.

मग दुसरी टेस्ट झाली. ही 'कामाच्या आहेत का' ते सांगते. अँटीबॉडी बहुतेक वेळा जंतूला स्वतः मारत नाही. ती त्याला चिकटते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना खूण करते, की हा बघा, या आणि गिळा. म्हणून या टेस्टमध्ये जिवंत जंतू, पेशी आणि सीरम एकत्र ठेवतात, आणि किती जंतू उरले ते मोजतात. आमचा इमरान हे काम करतो. हाताने अतिशय स्वच्छ, तोंडाने अर्धा दख्खनी.

तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, वो हल्दीवाला सँपल. चिकटतंय एकदम झकास. लेकिन खायला कोणीच येईना. सगळे जंतू जिंदा."

"पुन्हा लाव."

"लावलं. वैसाच आहे."

हे असं का, ते आम्हाला अजून पूर्ण कळलेलं नाही. कदाचित अँटीबॉडीज कोटाखालच्या प्रोटीनपर्यंत पोचत नसतील. कदाचित नको त्या जागी चिकटत असतील. वयाबरोबर अँटीबॉडीचं काम मंदावतं, संख्या तशीच राहूनही, एवढं जाणकारांना माहीत आहे. आमच्या डोळ्यांसमोर त्याचं उदाहरण होतं, आणि त्या उदाहरणाला आम्ही शाल दिली होती.

मी सरांकडे गेले. "सर, सुभद्राबाईंना सांगायला हवं. रक्त घेतलं तेव्हा प्रोजेक्टच्या डॉक्टरांनी त्यांना न्यूमोनियाची नेहमीची लस घ्यायला सांगितलं होतं. घेतली का ते तरी विचारायला हवं."

"स्टडी चालू असताना एकेकट्याला रिझल्ट सांगायचा नाही," सर म्हणाले. "नियम तुम्हीच मला दाखवला होता."

खरंच मीच दाखवला होता. मी परत "बरं सर" म्हणाले. मग आठवड्याभरात सविताचा तो फोन आला.

स्कूटी काढली आणि जालना रोडने निघाले. मनात भाषण जुळवत होते. मावशी, विज्ञानात असं असतं, की पहिली टेस्ट आणि दुसरी टेस्ट. पोचेपर्यंत भाषण छान जमलं होतं. मला वाटत होतं, बाई गैरसमजात आहेत. आपल्याला कवच मिळालंय असं समजून बसल्यात. गैरसमज काढला की उठतील.

सविताने दार उघडलं. सुभद्राबाई पलंगावर बसल्या होत्या. मला पाहून उठू लागल्या.

"बाई, तुम्ही कशाला... तरास घेतला. सविते, चहा टाक. मी नको... तू टाक."

शाळेत राहून त्या सगळ्या शिकलेल्या बायकांना बाई म्हणतात. मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही, मधल्या थांबण्याकडे दिलं. वाक्याच्या मध्ये त्या श्वास घ्यायला थांबत होत्या.

"ते बोटाला लावायचं मशीन आहे का घरात? कोरोनातलं?" मी सविताला विचारलं.

सापडलं, पण सेल मेलेले. सविताने टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. सुभद्राबाईंनी कुरकुर केली, की दुपारची मालिका बुडेल. ऑक्सिजनचा आकडा आला तो मला आवडला नाही. बोट बदललं, हात चोळून गरम केला, तरी तोच.

"मावशी, आत्ता दवाखान्यात जायचं."

"न्हाई."

मग मी ते भाषण केलं. पहिली टेस्ट, दुसरी टेस्ट, प्रोटीन, पेशी. सविताच्या चेहऱ्यावर काही उमटेना. सुभद्राबाई भिंतीकडे बघत होत्या. शेवटी मी म्हणाले, "हे बघा. शाळेची घंटा तुम्ही जोरात वाजवली, गावभर ऐकू गेली. पण मास्तर खोलीतून उठलेच नाहीत. मग वर्गाचं काय होईल? तुमच्या रक्तात घंटा आहे, मोठी आहे. उठणारं कोणी नाही."

त्या पहिल्यांदा हसल्या. "आमचे मास्तर... शाळा सुटायची असली, की घंटेच्या आधी उठायचे." हसण्यातून खोकला लागला. थांबला तेव्हा म्हणाल्या, "बाई, मला कळलंय ते. मला काय... येवढं येड नाही लागलं. चार दिसांपासून दम लागतोय मला. आजारी हाय हे मला ठावं नाही का?"

"मग?"

त्यांनी सविताकडे पाहिलं. सविता चहा बघायला आत गेली.

"सायबांनी येवढ्या मानसांत सांगितलं. जंतू जवळ येणार न्हाई म्हणले. शाल दिली. इथं कालनीत समद्यांना ठावं झालंय. आता मी दवाखान्यात... पडले, तर लोक काय म्हणतील? ह्यांचं समदं खोटंच असतंय म्हणतील. सायबाची इज्जत जाईल. तुमची पन जाईल." श्वास घेतला. "मला आजवर कुणी... मान दिला नव्हता. ज्यानं दिला त्याचीच मान खाली घालू व्हय?"

माझं सगळं भाषण एका अशा अडचणीवरचं होतं, जी त्यांना नव्हतीच. त्यांना जंतूची भीती नव्हती की अँटीबॉडीचा भरवसा नव्हता. त्या आमची इज्जत सांभाळत बसल्या होत्या. दमलेल्या छातीवर.

मी बाहेर ओट्यावर जाऊन सरांना फोन लावला. जे होतं ते सांगितलं. मला वाटलं, आता नियम काढतील.

"फोन त्यांच्याकडे द्या," सर म्हणाले. "स्पीकर लावा. सूनबाईंनाही ऐकू द्या."

मी आत गेले.

"सुभद्राबाई, वाघ बोलतोय."

त्या पलंगावर ताठ बसल्या. पदर डोक्यावर घेतला. फोनसमोर.

"नमस्कार सायेब."

"बाई, त्या दिवशी मी स्टेजवर बोललो ते चुकीचं बोललो. तेवढं आम्हाला माहीतच नव्हतं. शाल तुम्हाला रक्त दिल्याबद्दल होती. बाकीचं सगळं माझं तोंड. कळलं का?"

"तसं कसं सायेब, तुम्ही..."

"ऐका माझं. आमची इज्जत आम्ही बघू. ती तुम्ही छातीवर घेऊन बसलात, तर आम्हाला झोप लागायची नाही. तुम्ही आत्ता मॅडमबरोबर दवाखान्यात जायचं."

सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मग विचारलं, "सायेब, हा आदेश हाय का?"

सरांना बोलताना अडखळलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "हो," ते म्हणाले. "आदेश आहे."

"मग जाते," असं म्हणून त्या चपला शोधू लागल्या.

आत बशीत ओतलेला चहा तसाच राहिला. रिक्षात त्या माझ्या आणि सविताच्या मध्ये बसल्या. खड्डा आला की माझा हात धरायच्या, खड्डा गेला की सोडायच्या. मग एका खड्ड्यानंतर सोडला नाही. माझी स्कूटी दोन दिवस त्यांच्या दारात उभी होती, ती आणायला नंतर नवऱ्याला पाठवलं. त्याने "कुठे विसरलीस?" असं विचारलं. विसरले नव्हते, पण तो विश्वास ठेवणार नाही एवढा माझा लौकिक आहे.

एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग निघाला. न्यूमोनियाच. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस अंगावर काढलं असतं तर अवघड झालं असतं. ऑक्सिजन लावला, अँटिबायोटिक सुरू केलं. कुठल्या जंतूने झाला ते नक्की कळलं नाही. तसं पुष्कळदा कळत नाही. माझ्यासारखीला हे लागून राहतं, पेशंटला लागून राहत नाही. सुभद्राबाईंना तर मुळीच नाही. तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डातल्या आयाला चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते सांगत होत्या.

सर त्यांना भेटायला गेले. हातात काय न्यावं याचा त्यांनी बराच विचार केला असावा, कारण गेले ते मोसंबी घेऊन. परत आल्यावर त्यांनी मेळाव्यात काय घडलं ते सगळं स्वतःच्या हाताने लिहून, संशोधनाचे नियम पाहणाऱ्या एथिक्स कमिटीला पाठवलं. बाकीच्या दोन सत्कारमूर्तींकडे आम्ही दोघं गेलो आणि 'ताकद' वगैरे शब्द परत घेतले. त्यांतल्या एका आजोबांनी आम्हाला चहा पाजला आणि म्हणाले, "मला कुठं खरं वाटलं होतं? पण फोटो छान आलाय, तो परत मागू नका." आम्ही मागितला नाही.

बरं झाल्यावर, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा, सुभद्राबाईंनी नेहमीची लस घेतली. साखरेचे कोट ओळखणारी, जी आज मिळते ती. मी बरोबर होते. सिस्टरने दंडावर सुई टोचली आणि "झालं आजी, शाब्बास" म्हणाली. सुभद्राबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, हिला म्हणावं, टाळ्या वाजवू नको."

आमचं काम चालू आहे. दोन्ही टेस्टचे आकडे एकमेकांसमोर मांडले, की कागदावर ठिपक्यांचा एक ढग दिसतो. सुभद्राबाईंचा ठिपका त्या ढगापासून दूर, कोपऱ्यात एकटा. एका तज्ज्ञांनी सुचवलं, की हा वेगळाच आहे, काढून टाकला तर चित्र नीटस दिसेल. मी ठामपणे नाही म्हणाले. ऑफिसात, दिवसाढवळ्या, पोळपाटाशिवाय. कारण आमच्या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तोच ठिपका सांगतो. प्रोटीनवरची लस करायची, तर रक्तात किती आलं एवढं मोजून भागायचं नाही. आलेलं उपयोगी पडतंय का, तेही बघावं लागेल. खास करून ज्यांच्यासाठी ती करायची, त्या वयाच्या माणसांत.

आणि माणूस आजार का लपवतो, हे दाखवणारी टेस्ट आमच्याकडे नाही. त्यासाठी घरी जावं लागतं आणि आपलं भाषण आवरून समोरच्याला बोलू द्यावं लागतं. त्याला वेळ लागतो. न्यूमोनियात तेवढा वेळ दर वेळी मिळतोच असं नाही. त्या खेपेला मिळाला.